कंपनीची बातमी फॉरवर्डनं नको, थेट फीडनं घ्या: बेळगाव-निपाणी-खानापूरकडच्या लोकांसाठी

उद्यमबागेत मशीन शॉप चालवणारे, कारखान्याला ऊस घालणारे, थोडेफार शेअर घेऊन ठेवलेले रिटायर्ड लोक, डिप्लोमा करून नोकरीच्या मागं असलेली पोरं, ह्या सगळ्यांना कुठल्या ना कुठल्या कंपनीची बातमी वेळेत पाहिजे असते. आणि ती येते कुठनं, तर व्हॉट्सॲप ग्रुपवरनं. कुणीतरी तिसऱ्यानं पुढं ढकललेली, तारीख नसलेली, कंपनीच्या साइटची लिंक नसलेली आणि बऱ्याचदा मागच्या वर्षीचीच परत फिरत आलेली. मला हे मनापासून खटकतंय, कारण तीच बातमी त्या कंपनीनं स्वतःच्या साइटवर तारखेसकट नीट टाकलेली असते, आपण तिथं रोज जाऊन बघत नाही एवढंच. आणि रोज जाऊन बघायची गरजपण नाही, एकदा फीड लावून ठेवली की झालं. ती कशी लावायची ते सांगतो.

फीड म्हणजे साइटच्या मागं ठेवलेली एक छोटी फाइल. तिच्यात नवीन बातम्यांची यादी असते, म्हणजे मथळा, तारीख, दोनचार ओळी आणि मूळ पानाची लिंक. कंपनीनं नवीन प्रेस रिलीज टाकली की यादीत वर एक नोंद वाढते. तुमच्या फोनवर फीड रीडर नावाचं ॲप असतंय, ते अधूनमधून ती फाइल बघून येतं आणि नवीन काय आलं असेल ते तुमच्यापुढं ठेवतं. दुधाचा रतीब लावतो तसं, एकदा सांगून ठेवायचं, मग दारात येत राहतं.

ह्यात मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे कंपनीला तुमचा नंबर द्यावा लागत नाही, ईमेल द्यावा लागत नाही. तुम्ही वाचताय हे त्यांना नावानिशी कळतपण नाही, त्यामुळं नंतर लोनचे आणि पॉलिसीचे फोन सुरू होत नाहीत. नको झालं की आपल्याच ॲपमधनं काढून टाकायचं, कुणाला विचारायला नको. फेसबुकवर पेज फॉलो केलं तर काय दाखवायचं ते फेसबुक ठरवतं, इथं तसं नाही, जे आलं ते तारखेप्रमाणं सगळं समोर.

ही सोय तशी जुनी आहे. नेटस्केप ह्या ब्राउझरच्या कंपनीनं १९९९ मध्ये आरएसएसची, म्हणजे फीड लिहायच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती काढली, आज चालते ती आरएसएस २.० ही २००२ ची, आणि तिच्याच जोडीची ॲटम नावाची दुसरी पद्धत २००५ मध्ये स्टँडर्ड म्हणून आली. तुम्हाला दोन्हीतला फरक माहीत असायची गरज नाही, रीडरला दोन्ही समजतात. पॉडकास्ट ऐकत असाल तर ते पण ह्याच फीडवर चालतंय.

आधी रीडर घ्या. अँड्रॉइड फोन असेल तर माझी पसंती फीडर नावाच्या ॲपला, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जाहिरात नाही, अकाउंट काढावं लागत नाही, आणि फीड फक्त वायफायवर आणायची असं ठरवता येतं. आयफोन किंवा मॅक असेल तर नेटन्यूजवायर, ते पण फुकट. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडं एकच यादी पाहिजे असेल तर फीडली किंवा इनोरीडर, त्यात लॉगिन करावं लागतं आणि फुकटच्या अकाउंटला फीडच्या संख्येची मर्यादा असते, खरं आपल्यासारख्याला दहापंधरा फीड पुष्कळ झाल्या, तेवढ्याला पैसे लागत नाहीत. ऑफिसात कॉम्प्युटरवरच बसून काम असेल तर थंडरबर्ड बघा, ते मूळचं ईमेलचं सॉफ्टवेअर आहे खरं त्यात फीडचं वेगळं अकाउंट काढता येतं आणि ईमेलला लावतो तसे फिल्टर फीडलाही लावता येतात. ह्या फिल्टरचा उपयोग पुढं सांगतो, तो महत्त्वाचा आहे. ब्राउझरमध्ये सोय शोधत बसू नका, फायरफॉक्समध्ये पूर्वी होती ती २०१८ च्या शेवटी काढून टाकली.

आता फीड शोधायची. सगळ्यात सोपी रीत अशी की कंपनीच्या साइटवर जायचं, तिथं न्यूज, न्यूजरूम, मीडिया, प्रेस रिलीज असलं काहीतरी पान असतं ते उघडायचं, वरचा पत्ता कॉपी करायचा आणि रीडरमध्ये ॲड फीडच्या चौकटीत जसाच्या तसा पेस्ट करायचा. बरेच रीडर त्या पानात फीड लपलेली असेल तर स्वतःच हुडकून काढतात आणि ही घेऊ का ती घेऊ असं विचारतात. होम पेजचा पत्ता देऊ नका, बातम्यांच्याच पानाचा द्या, कारण एकाच साइटवर बातम्यांची वेगळी, ब्लॉगची वेगळी अशा दोनतीन फीड असू शकतात आणि आपल्याला प्रेस रिलीज पाहिजे असताना "उन्हाळ्यात आरोग्य कसं राखाल" असले लेख येत बसतात.

रीडरला नाही सापडली तर पानाच्या एकदम तळाशी जावा, तिथं फेसबुक-यूट्यूबच्या चिन्हांच्या रांगेत एक नारिंगी चिन्ह असतं, एक ठिपका आणि त्यावर दोन कमानी, तेच ते. त्यावर दाबल्यावर पान विचित्र दिसलं, कंसांच्या आत इंग्रजी शब्दच शब्द आले तर घाबरून बंद करू नका, साइट बिघडलेली नाही, ती फाइल तशीच दिसते. वरचा पत्ता कॉपी करा आणि रीडरमध्ये टाका.

चिन्हपण नसेल तर अजून दोन उपाय आहेत. पहिला, साइटच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन पुढं इंग्रजीत फीड हा शब्द टाईप करायचा आणि एंटर मारायचा. वर्डप्रेसवर बनवलेल्या साइटवर हे बहुतेक वेळा चालतं, आणि आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या पुष्कळ कंपन्यांच्या साइट वर्डप्रेसवरच असतात. फीडच्या जागी आरएसएस टाकूनही बघा. दुसरा उपाय कॉम्प्युटरवरचा, बातम्यांचं पान उघडं ठेवून कंट्रोल आणि यू दाबायचं, पानाचा सोर्स दिसतो, त्यात कंट्रोल एफनं आरएसएस शोधायचं, मग ॲटम शोधायचं. फीड असेल तर तिचा पूर्ण पत्ता त्याच ओळीत अवतरणात दिलेला असतो.

मिळालेला पत्ता फीडर ॲपमध्ये टाकायचा तर वरच्या तीन ठिपक्यांत ॲड फीड, तिथं पेस्ट, शोध झाला की जी दिसेल ती निवडा, आणि सेव्ह करायच्या आधी तिला एक टॅग द्या, ऊस, शेअर, नोकरी, गिऱ्हाईक असं काहीही, आपल्याला समजेल असं. तिथंच नोटिफिकेशनचं बटण असतं. ते सगळ्यांना चालू करू नका, जिथं खरंच लगेच कळायला पाहिजे अशा एकदोन फीडलाच करा, बाकीच्या सकाळी चहा पिताना एकदा बघितल्या तरी चालतंय. आणि काही अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागं चालणारी ॲप बंद पाडतात, त्यामुळं फीड दोनदोन दिवस अपडेट होत नाही असं दिसलं तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपचं बॅटरीचं बंधन काढून टाका.

जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याकडच्या लोकांना ह्याचा अजून एक फायदा आहे. फीडचा मजकूर अगदी हलका असतो, फोटो-व्हिडिओ नसल्यासारखेच, त्यामुळं खानापुरात किंवा बेळगावात रेंज असताना एकदा सिंक करून घेतलं तर पुढं रेंज गेली तरी मथळे आणि थोडक्यात मजकूर वाचता येतो. फीडरमध्ये पूर्ण लेख आधीच उतरवून ठेवायचं सेटिंगपण आहे, ते त्या त्या फीडला चालू करावं लागतं.

आता खरी अडचण. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या साइटला फीडच नसते. प्रेस रिलीज पीडीएफ करून टाकलेली असते आणि विषय संपला. म्हणून कंपनी कुठल्या प्रकारची आहे ते आधी बघा, कारण रस्ता त्यावर ठरतो.

कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर तुमचं काम सोपं आहे. आपल्या भागातल्या म्हणाल तर श्री रेणुका शुगर्स लिस्टेड आहे, १९३९ चा उगार शुगर वर्क्स लिस्टेड आहे, ज्यांचा ॲल्युमिनाचा कारखाना बेळगावात आहे ती हिंडाल्को लिस्टेड आहे. अशा कंपनीला सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०१५ च्या नियमांप्रमाणं महत्त्वाची प्रत्येक गोष्ट शेअर बाजाराला कळवावीच लागते, मनात येईल तेव्हा नाही, ठरलेल्या वेळेत. बोर्ड मीटिंगमधला निर्णय मीटिंग संपल्यावर ३० मिनिटांत, मीटिंग बाजार बंद झाल्यावर संपली तर ३ तासांत, कंपनीच्या आत घडलेली दुसरी मोठी घटना १२ तासांत आणि बाहेरून आलेली २४ तासांत. तिमाहीचे आकडे तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, वर्षाचे ६० दिवसांत. म्हणजे पेपरात येतं ते बहुतेक वेळा इथूनच उचललेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की लिस्टेड कंपनीची प्रेस रिलीज वाचण्यापेक्षा बाजाराला दिलेलं पत्र वाचावं, प्रेस रिलीजमध्ये चांगलं तेवढं पुढं केलेलं असतं, ह्या पत्रात प्लांट बंद पडला, दंड झाला, डायरेक्टर सोडून गेला हे पण लिहावं लागतं.

एनएसई म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, त्या शेअर बाजाराच्या साइटवर आरएसएसचं वेगळं पान आहे, तिथं अनाउन्समेंट, बोर्ड मीटिंग, निकाल अशा वेगवेगळ्या फीड आहेत. गोची एवढीच की एका फीडमध्ये सगळ्या कंपन्यांचं एकत्र येतं, दिवसाला शेकड्यांनी नोंदी पडतात आणि आपली एक त्यात बुडून जाते. मघाशी म्हटलेला थंडरबर्डचा फिल्टर इथं कामाला येतो. फीड थंडरबर्डमध्ये लावा, फिल्टरमध्ये विषयाच्या जागी कंपनीचं इंग्रजी नाव जसं बाजारात नोंदलंय तसं टाका, तसली नोंद आली की तिला स्टार लाव किंवा वेगळ्या फोल्डरात टाक असं सांगा. इनोरीडरमध्ये पण नियम लावता येतात, खरं ती सोय पैशाच्या प्लॅनमध्ये आहे.

सहकारी कारखाना असेल, संकेश्वरचा हिरण्यकेशी म्हणा, निपाणीचा हालसिद्धनाथ म्हणा, तर तो बाजारात लिस्टेड नाही, त्यामुळं तिथं वरचा रस्ता चालत नाही. आणि ऊसवाल्यांनी एक लक्षात ठेवा, एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान दर, कारखाना ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरली, ती घोषणा दिल्लीतून झाली. मग दर किती म्हणून कारखान्याची साइट बघत बसण्यात काय अर्थ, त्यासाठी पीआयबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रसिद्धी खात्याची, फीड लावा, केंद्राचे निर्णय तिथं मूळ स्वरूपात येतात. आणि राज्यातला दर कुठं ठरतो ते नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर क्रॉसच्या ऊसदराच्या आंदोलनात सगळ्यांनी बघितलंय, तो निर्णय बेंगळूरला झाला. म्हणजे एका ऊसवाल्याला कारखाना, दिल्ली आणि बेंगळूर अशी तीन ठिकाणं बघावी लागतात, त्यासाठीच फीड पाहिजे.

जिथं कुठलीच फीड नाही तिथं गूगल न्यूजची फीड करून घ्यायची, हे फार लोकांना माहीत नाही खरं अगदी सोपं आहे. कॉम्प्युटरवर गूगल न्यूजमध्ये कंपनीचं नाव शोधा. वर जो पत्ता दिसतो त्यात इंग्रजीत सर्च हा शब्द असतो, त्याच्या बरोब्बर आधी आरएसएस आणि तिरकी रेघ एवढं घाला आणि बाकी पत्ता तसाच ठेवा. झाली फीड तयार, तो पत्ता रीडरमध्ये टाका.

इथं नाव कसं टाकताय त्याला फार महत्त्व आहे. नुसतं रेणुका टाकलं तर सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराच्या, यात्रेच्या, तिकडच्या बसच्या बातम्या येत राहणार, म्हणून पूर्ण नाव दुहेरी अवतरणात टाका. उगारचं तसंच, नुसतं उगार म्हणजे गावच्या पण बातम्या. किर्लोस्करचं तर विचारूच नका, किर्लोस्कर ब्रदर्स, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, किर्लोस्कर न्यूमॅटिक, किर्लोस्कर फेरस, वर टोयोटा किर्लोस्कर, सगळ्या वेगवेगळ्या कंपन्या. ह्या नावाची सुरुवात आपल्याच गावातली, १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं तिथनं, म्हणून त्यांच्या बातम्या वाचायला आपल्याकडं कुणालाही आवडतंय, पण पंपाचं काम करणाऱ्या उद्यमबागेतल्या माणसाला मोटारीच्या बातम्या काय करायच्या आहेत. जे नको ते शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह देऊन वगळता येतं.

गावाचं नाव घालून शोधत असाल तर बेळगाव, बेळगावी दोन्ही टाका, इंग्रजीत पण दोन्ही स्पेलिंग टाका आणि मधे मोठ्या अक्षरात ऑर घाला, कारण २०१४ ला सरकारी नाव बदललं तरी पेपर आणि कंपन्या अजून दोन्ही वापरतात, एकच टाकलं की निम्म्या बातम्या गळतात. भाषेचंही बघा. गूगल न्यूजचं भाषेचं सेटिंग बदलून तोच शोध परत केला की वेगळी फीड होते. मी तर सांगेन इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तीन लावा, मालकांच्या आणि शेअरच्या बातम्या इंग्रजीत आधी येतात, केआयएडीबीची (राज्याच्या औद्योगिक वसाहत मंडळाची) जमीन, कामगार खातं, पाणी-विजेचे निर्णय हे कन्नडमध्ये आधी आणि नीट येतात, आणि गावातलं काय म्हणणं आहे ते मराठीत. कन्नड वाचायला जमत नसेल तर मथळा कॉपी करून भाषांतर करून घ्या, तेवढ्यावरनं उघडायची का नाही ते कळतं.

गूगल अलर्टमधूनही हेच करता येतं, तिथं ईमेलच्या जागी आरएसएस फीड असा पर्याय निवडायचा. बातम्यांच्या पलीकडं वेबवर कुठंही नाव आलं तर ते सापडतं, म्हणून कमी बोलबाला असलेल्या छोट्या कंपनीला हे बरं. खरं कचरापण जास्त येतो.

काही कंपन्या फीड देत नाहीत खरं ईमेल अलर्ट देतात. तिथं आपला ईमेल द्यायचा नसेल तर किल द न्यूजलेटर नावाची फुकट सोय आहे, ती तुम्हाला एक नवा ईमेल पत्ता आणि त्याची फीड असं दोन्ही देते. तो ईमेल कंपनीच्या फॉर्ममध्ये भरा आणि फीड रीडरमध्ये लावा, नोंदणी पक्की करायची जी मेल येते ती पण फीडमध्येच दिसते, तिथनंच लिंक दाबायची. एवढंच की ज्याच्याकडं त्या फीडचा पत्ता आहे त्याला सगळं वाचता येतं, म्हणून बँक, डीमॅट असलं काही त्याच्यावर चुकूनपण लावू नका. कंपनीचं यूट्यूब चॅनेल असेल तर त्याचा पत्ताही रीडरमध्ये टाकून बघा, यूट्यूब प्रत्येक चॅनेलची फीड देतं, प्लांटचं उद्घाटन आणि निकालानंतरचं बोलणं कधीकधी तिथंच आधी येतं.

नोकरी बघणाऱ्या पोरांसाठी थोडं वेगळं सांगतो, आणि हे त्यांच्या आईवडलांनी पण वाचावं. मोठ्या कंपनीच्या नावानं भरतीचे मेसेज फिरतात, दोन हजार भरा, ट्रेनिंग फी भरा, आणि हत्तरगीच्या सेझमध्ये (खास औद्योगिक क्षेत्रात) नाहीतर धारवाडला जॉइनिंग. अशा वेळी फीड हा चांगला पुरावा होतो. त्या कंपनीच्या करिअर पानाची किंवा बातम्यांची फीड तुमच्याकडं लावलेली आहे, भरती तिच्यात नाही, तर आधी कंपनीच्या साइटवरच्या नंबरला फोन करा, मेसेजमधल्या नंबरला नाही. फीड नसलेलं करिअर पान असेल तर व्हिजुअलपिंग किंवा डिस्टिलसारखं टूल लावता येतं, पान बदललं की ते कळवतं, फुकटात काही पानं मिळतात. आणि फीडचा पत्ता कुणी ग्रुपवर पाठवला म्हणून लावू नका, कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन घ्या. हुबेहूब नावाच्या खोट्या साइट असतात, त्यांची पण फीड चालतेच की, रीडरला खरं-खोटं कळत नाही.

फीडवर शेअरची घाईची खरेदी-विक्री करू नका हे पण स्पष्ट सांगतो. रीडर ठरावीक वेळानंच फाइल बघायला जातं, त्यामुळं बातमी येऊन गेल्यावर तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. आणि हिंडाल्कोसारख्या मोठ्या कंपनीची फीड म्हणजे मुंबईच्या ऑफिसचा आवाज, त्यात तांबं, परदेशातला धंदा सगळं येतं, बेळगावच्या कारखान्याचं नाव क्वचित. इथल्या कारखान्यात काय चाललंय ते पाहिजे असेल तर तरुण भारत, पुढारी अशा पेपरच्या साइटचा पत्ता रीडरमध्ये टाकून बघा, नाहीच सापडली तर वरचा गूगल न्यूजचा रस्ता आहेच.

एकदा सगळं लागलं की दोन कामं महिन्या-दोन महिन्यातनं करत जावा. ज्या फीडमध्ये बरेच दिवस काहीच आलं नाही तिच्या मूळ साइटवर जाऊन बघा, कंपन्या साइट नवीन करतात तेव्हा फीडचा पत्ता बदलतो आणि जुनी गुपचूप बंद पडते, रीडर कधीकधी काही सांगतपण नाही. दुसरं, रीडरच्या सेटिंगमध्ये एक्स्पोर्ट ओपीएमएल असं असतं, त्यातून सगळ्या फीडच्या यादीची एक फाइल निघते, ती स्वतःला ईमेल करून ठेवा. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा ज्यांच्याकडं ही फाइल होती त्यांनी दुसऱ्या रीडरमध्ये इंपोर्ट करून पुढं वाचायला सुरुवात केली. फोन बदलला तरी तीच फाइल चालते, आणि शेजारच्या शॉपवाल्याला तुमच्याच सगळ्या फीड पाहिजे असतील तर तीच फाइल त्याला पाठवा, त्याच्या रीडरमध्ये इंपोर्ट ओपीएमएल दाबलं की सगळी यादी एकदम लागते.